मोटारसायकल : दिशादर्शक रचना

दोन चाकांच्या सांगाड्यावर एंजिन बसवून त्याच्या शक्तीने चालविण्यात येणाऱ्या आणि चालकाने खोगिराच्या दोन्ही बाजूंस पाय टाकून बसावयाच्या वाहनास मोटारसायकल म्हणतात. महाराष्ट्रात एंजिनाच्या आवाजावरून तिला ‘फटफटी’ हे नाव पडले व ते बोलण्यात अजूनही आढळते. प्रस्तुत नोंदीत मोटारसायकलीच्या सर्व भागांचे वर्णन नसून, ज्या थोड्या यंत्रांमुळे या वाहनाच्या विकासाची दिशा बदलली त्यांचाच विचार केला आहे.

दिशा बदलणारे यंत्र कोणते हे ठरविताना वेग, शर्यतींतील विजय किंवा शौकिनांचे प्रेम या कसोट्या पुरेशा पडत नाहीत. एखादी मोटारसायकल बाजारात आल्यानंतर इतर कारखान्यांना आपले आराखडे बदलावे लागले काय, किंवा पूर्वी जो माणूस मोटारसायकलीवर कधीच बसला नसता तो बसू लागला काय, हे दोन प्रश्न अधिक उपयोगी आहेत. ते विचारले म्हणजे काही नामवंत यंत्रे मागे पडतात आणि १२५ किंवा ५० घ. सेंमी. क्षमतेची, दिसावयास अगदी सामान्य अशी यंत्रे पुढे येतात.

एंजिनाची जागा : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्स व अमेरिका या देशांत सायकलीवर लहान वाफएंजिन बसविण्याचे प्रयोग झाले. तथापि बाष्पित्र, पाणी व जळण यांचे ओझे दोन चाकांना पेलवण्यासारखे नव्हते. अमेरिकन प्रयोगकर्ते सिल्व्हेस्टर रोपर हे १८९६ मध्ये आपली वाफेची सायकल धावमार्गावर चालवीत असतानाच मरण पावले. तोपर्यंत वाफेचा मार्ग मागे पडला होता.

पेट्रोलवर चालणारे पहिले दुचाकी वाहन जर्मनीतील कानश्टाट येथे गॉटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये तयार केले. सांगाडा व चाके लाकडाची असून बाजूंना तोल सांभाळण्यासाठी दोन लहान चाके होती. एंजिन २६४ घ. सेंमी. क्षमतेचे व सु. अर्ध्या अश्वशक्तीचे होते आणि त्यातील इंधन-हवेचे मिश्रण ज्योतीने तापविलेल्या नळीमुळे पेटे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये डाइमलर यांच्या मुलाने हे वाहन उंटरट्यूर्कहाइमपर्यंत चालवीत नेले. डाइमलर यांना मात्र दुचाकी वाहनात फारसे स्वारस्य नव्हते. आपले एंजिन वाहन ओढू शकते एवढेच त्यांना सिद्ध करावयाचे होते आणि ते झाल्यावर ते चारचाकी वाहनांकडे वळले. मूळ यंत्र १९०३ च्या आगीत जळाले. संग्रहालयांत दिसतात त्या प्रतिकृती होत. हे यंत्र पहिले खरे, परंतु कोणी त्याच्यासारखे दुसरे बनविले नाही.

विक्रीसाठी मोठ्या संख्येने बनविण्यात आलेली पहिली मोटारसायकल म्यूनिक येथील हिल्डेब्रांट व व्होल्फम्यूलर यांची (१८९४). तिचे एंजिन १,४८९ घ. सेंमी. क्षमतेचे, दोन सिलिंडरांचे व जलशीतित होते आणि तरीही त्याची शक्ती अवघी अडीच अश्वशक्ती होती. दट्ट्यांना जोडलेले लांब संयोगदांडे थेट मागील चाकाच्या आसाला जोडले होते. मागील भरीव चाकच प्रचक्राचे काम करी व दट्ट्यांच्या परतीच्या धावेस रबरी पट्ट्यांची मदत घ्यावी लागे. एंजिनाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, असे हे गणित असल्यामुळे गाडी थांबली की एंजिनही थांबे. धंदा तीन-चार वर्षांतच बुडाला. जर्मन भाषेत मोटारसायकलीसाठी आजही वापरात असलेला ‘मोटोरराड’ हा शब्द मात्र याच यंत्राबरोबर रूढ झाला.

खरी अडचण शक्तीची नव्हती, जागेची होती. फ्रान्समधील द द्यों-बूतों या कारखान्याने १८९५ च्या सुमारास मिनिटास सु. १,५०० फेरे घेणारे हलके एंजिन बनविले. डाइमलर यांच्या एंजिनापेक्षा ते दुपटीहून अधिक वेगाने फिरे. वेगाने फिरणारे एंजिन लहान असूनही पुरेशी शक्ती देऊ शकते, हे त्यामुळे सिद्ध झाले आणि अनेक देशांत त्याची नक्कल झाली. परंतु हे एंजिन सायकलीवर कोठे टांगावे याविषयी एकमत नव्हते. कोणी ते मागील चाकाच्या मागे लावी, कोणी आसनाखाली, कोणी सांगाड्याच्या पुढील तिरप्या नळीवर, तर कोणी चाकाच्या आतच. त्या काळची छायाचित्रे पाहिली तर एंजिन बसविता येईल अशी एकही जागा शिल्लक राहिलेली दिसत नाही.

हा गोंधळ पॅरिसमध्ये राहणाऱ्या मीशेल व यूजीन व्हेर्नर या मूळच्या रशियन बंधूंनी संपविला; मात्र आधी त्यांनीही तीच चूक केली होती. त्यांच्या १८९७ च्या यंत्रात एंजिन हँडलच्या पुढे, पुढील चाकावर बसविले होते व पट्ट्याने तेच चाक फिरविले जाई. ‘मोटोसिक्लेत’ या नावाने ते पुष्कळ खपले. पण उंचावरील व पुढे झुकलेल्या भारामुळे ओल्या रस्त्यावर ते घसरे. सुरुवातीच्या यंत्रांत प्रज्वलनासाठी तप्त नळी असल्यामुळे पडलेली गाडी पेट घेण्याचा धोकाही होता. १९०१ मध्ये व्हेर्नर बंधूंनी नवी रचना पुढे आणली. सायकलीत जेथे पायटे असतात तेथला सांगाड्याचा भाग काढून टाकून त्या जागी, दोन्ही चाकांच्या मधोमध व खाली, एंजिनाची पेटी पक्की बसविली आणि पट्ट्याने मागील चाक फिरविले.

या बदलाचे महत्त्व समजण्यासाठी दुचाकीचा तोल कसा राहतो हे ध्यानात घेतले पाहिजे. वळण घेताना दुचाकी आतील बाजूस कलवावी लागते. सर्वांत जड भाग एका टोकाला किंवा उंचावर असेल तर ती कलविण्यास व सरळ करण्यास जोर लागतो आणि एका चाकावर भार कमी पडून ते निसटते. भार मध्यभागी व खाली आला की दोन्ही चाके रस्ता सारखाच धरतात. शिवाय मागील चाकाला शक्ती पोहोचविण्याचा मार्गही सरळ होतो. पुढील तीन-चार वर्षांत बहुतेक कारखान्यांनी ही रचना स्वीकारली. ज्याला सायकलीला लावलेले एंजिन म्हणत असत ते वाहन येथे मोटारसायकल झाले. दोघे बंधू त्याच दशकात निवर्तले व त्यांचा कारखानाही फार काळ टिकला नाही. त्यांचे नाव आज फारसे कोणास ठाऊक नाही. पण रस्त्यावरील जवळजवळ प्रत्येक मोटारसायकल त्यांनी ठरविलेल्या जागीच एंजिन वागवीत आहे.

साखळी व दंतचक्रपेटी : पहिल्या दशकातील बहुतेक मोटारसायकलींना चामड्याचा पट्टा व एकच वेग असे. पावसात पट्टा घसरे आणि चढावर चालकाला पायटे मारावी लागत किंवा उतरून गाडीबरोबर पळावे लागे. आइल ऑफ मॅन या बेटावर १९०७ पासून होत आलेली ‘टूरिस्ट ट्रॉफी’ ही शर्यत १९११ मध्ये प्रथमच स्नेफेल डोंगरावरून जाणाऱ्या सु. ६० किमी.च्या फेऱ्यावर घेण्यात आली. वरिष्ठ गटात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील ‘इंडियन’ कंपनीच्या यंत्रांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. ऑलिव्हर गॉडफ्री हा विजेता ठरला. मॅचलेस यंत्रावरील चार्ली कॉलियर प्रत्यक्षात दुसरा आला होता, परंतु परवानगी नसलेल्या जागी इंधन घेतल्यामुळे तो बाद झाला, हेही सांगितले पाहिजे. इंडियनला दोन वेगांची दंतचक्रपेटी व साखळी होती. डोंगराने जो निकाल दिला तो नंतर सर्वांनाच मान्य करावा लागला.

दोन महायुद्धांमधील काळात दोन यंत्रांचा उल्लेख नेहमी केला जातो. व्हर्सायच्या तहाने जर्मनीस विमानांची एंजिने बनविण्यास मनाई झाल्यानंतर बीएमडब्ल्यू या कारखान्याचे अभियंते माक्स फ्रित्स यांनी १९२३ मध्ये आर ३२ ही मोटारसायकल तयार केली. तिचे दोन सिलिंडर डाव्या-उजव्या बाजूंस हवेत पुढे आलेले असून मागील चाक साखळीऐवजी दंडाने फिरते. यंत्र म्हणून ती निर्दोष होती व त्या कारखान्याने ही मांडणी शंभर वर्षांनंतरही सोडलेली नाही. तथापि सोव्हिएट व चिनी लष्करी मोटारसायकली आणि आणखी थोडे अपवाद वगळता तिच्या मागून फारसे कोणी गेले नाही. याउलट इंग्लंडमध्ये एडवर्ड टर्नर यांनी अभिकल्पिलेली ट्रायंफ ‘स्पीड ट्विन’ (१९३७) फार मोठा शोध नव्हती. दोन उभे सिलिंडर शेजारी शेजारी बसविलेले ४९८ घ. सेंमी.चे तिचे एंजिन एका सिलिंडराच्या एंजिनाएवढीच जागा घेई. पण ते अधिक गुळगुळीत चाले. महायुद्धानंतर बीएसए, नॉर्टन, मॅचलेस, रॉयल एन्फील्ड या सर्वांना तशीच एंजिने बनवावी लागली आणि पुढील पंचवीस वर्षे ब्रिटिश मोटारसायकल म्हणजे जोड-सिलिंडर मोटारसायकल असे समीकरण झाले.

डीकेडब्ल्यू आरटी १२५ : सर्वांत अधिक देशांत पुनर्जन्म घेतलेली मोटारसायकल ही होय. सॅक्सनीतील त्शोपाऊ या लहान गावी यर्गन स्काफ्टे रासमुसेन या डॅनिश उद्योजकाने उभारलेला डीकेडब्ल्यू हा कारखाना १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जगातील सर्वांत मोठा मोटारसायकल कारखाना बनला होता. त्याचा भर दोन-धावी एंजिनांवर होता. या एंजिनात झडपा नसतात. सिलिंडराच्या भिंतीतील द्वारे दट्ट्याच्या हालचालीनेच उघडतात व मिटतात. भुजादंडाच्या प्रत्येक फेऱ्यास एकदा स्फोट होतो. हलणारे भाग थोडे असल्यामुळे ते स्वस्त पडते व खेड्यातील कारागीरही ते उघडून दुरुस्त करू शकतो. दोष असा की, ताजे मिश्रण आत येत असताना निष्कास द्वारही उघडेच असते. त्यामुळे जळालेल्या वायूबरोबर काही ताजे मिश्रणही बाहेर पडते. हे टाळण्यासाठी पूर्वी दट्ट्याच्या माथ्यावर उंचवटा ठेवीत. पण त्यामुळे दट्ट्या जड होई, असमान तापे व अडके.

जर्मन अभियंते आडोल्फ श्न्यूर्ले यांनी यावर १९२० नंतरच्या दशकात उपाय शोधला होता. निष्कास द्वाराच्या दोन्ही बाजूंस दोन प्रवेशद्वारे तिरपी ठेवून मिश्रणाचे झोत समोरच्या भिंतीकडे वळविले म्हणजे ते तेथून वर चढतात, माथ्याशी वळतात आणि जळका वायू पुढे ढकलीत खाली येतात. म्हणजे दट्ट्याचा माथा जवळजवळ सपाट ठेवता येतो. डीकेडब्ल्यूने पेट्रोल एंजिनांसाठी हे हक्क मिळविले आणि हेर्मान व्हेबर यांनी त्या आधारावर तयार केलेली आरटी १२५ ही हलकी गाडी १९३९ मध्ये बाजारात आली. सु. १२३ घ. सेंमी. क्षमता, पावणेपाच अश्वशक्ती, पायाने बदलावयाचे तीन वेग व तासाला सु. ७५ किमी. गती असे तिचे स्वरूप होते. एंजिन व दंतचक्रपेटी एकाच सुबक अंडाकृती आवरणात होती. तिच्यात काढून टाकण्याजोगे काही उरले नव्हते आणि हेच तिचे वैशिष्ट्य होते.

युद्ध हरल्यावर जर्मनीचे पेटंट हक्क व आराखडे जेत्यांना नुकसानभरपाई म्हणून खुले झाले. त्शोपाऊचा कारखाना सोव्हिएट अंमलाखाली आला. यंत्रसामग्री उचलून नेण्यात आली व मॉस्को येथे १९४६ पासून एम १ ए या नावाने तीच गाडी बनू लागली. पुढे हे उत्पादन मिन्स्कला गेले. पोलंडमध्येही तिची आवृत्ती निघाली. इंग्लंडमध्ये बीएसएने १९४८ मध्ये ‘बँटम’ आणली. ब्रिटिश प्रघाताप्रमाणे वेग बदलण्याची पट्टी उजवीकडे यावी म्हणून तिचे एंजिन आरशातील प्रतिबिंबासारखे उलटे करण्यात आले होते. बाकी फरक थोडा. मोठाल्या यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतील हार्ली-डेव्हिडसनने देखील त्याच सुमारास १२५ घ. सेंमी.ची जी लहान गाडी काढली ती हीच. इंग्लंडमधील टपाल वाटणारा पोरगा आणि मिन्स्कमधील कामगार एकाच आराखड्यावर बसून कामाला जात होते, याची दोघांनाही कल्पना नसावी. आराखडा ज्यांनी काढला त्या व्हेबर यांना सोव्हिएट संघात नेण्यात आले आणि १९४८ मध्ये तेथेच त्यांचा मृत्यू झाला. आपल्या यंत्राचा पुढील प्रवास त्यांना पाहता आला नाही.

या प्रवासातील सर्वांत दूरगामी मुक्काम जपानमध्ये होता. पेट्या व पियानो बनविणाऱ्या यामाहा या कंपनीने १९५५ मध्ये वायए-१ ही आपली पहिली मोटारसायकल काढली. ती आरटी १२५ ची अभ्यासपूर्वक केलेली नक्कल होती; मात्र तिला चार वेग होते. तांबूस रंग व सडपातळ बांधा यांमुळे लोक तिला ‘आकातोम्बो’ म्हणजे लाल चतुर म्हणत. त्याच वर्षी तिने फुजी पर्वताच्या चढाची व आसामा येथील शर्यत जिंकली. नक्कल हा शब्द हेटाळणीने वापरण्याची रीत आहे. पण आराखडा उतरवून घेताना तो शिकून घेणारे आणि केवळ उतरवून घेणारे यांत अंतर असते. बीएसएची बँटम १९७१ मध्ये संपली तेव्हा तिच्या एंजिनाची मूळ मांडणी फारशी बदललेली नव्हती. यामाहा तोपर्यंत जगज्जेत्या शर्यत-यंत्रांपर्यंत पोहोचली होती.

मूळ कारखाना पूर्व जर्मनीत एमझेड या नावाने चालू राहिला. तेथील अभियंते व्हाल्टर काडेन यांनी दोन-धावी एंजिनाच्या निष्कास नळीचा अभ्यास केला. नळी आधी रुंद व पुढे पुन्हा अरुंद केली तर बाहेर गेलेली दाबलहर परत येऊन, निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरात मागे ढकलते. श्न्यूर्ले यांनी अर्धवट सोडविलेली अडचण काडेन यांनी आवाजाच्या लहरीने सोडविली, असे म्हणता येईल. १९६१ पर्यंत त्यांच्या १२५ घ. सेंमी. एंजिनातून २५ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे २०० अश्वशक्ती मिळू लागली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी त्यांचा चालक एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला व हे ज्ञान त्याच्याबरोबर जपानमधील सुझुकी कंपनीकडे गेले. १९६२ मध्ये डेग्नरने सुझुकीच्या ५० घ. सेंमी. यंत्रावर जागतिक अजिंक्यपद मिळविले. काडेन पूर्व जर्मनीतच राहिले.

होंडा सुपर कब : आरटी १२५ ने कारखाने बदलले, सुपर कबने चालक बदलला. सोइचिरो होंडा (१९०६–९१) हे यंत्रज्ञ व ताकेओ फुजिसावा हे त्यांचे व्यवहार सांभाळणारे सहकारी १९५६ मध्ये यूरोपात गेले असता तेथील मोपेड व स्कूटरी त्यांनी पाहिल्या. फुजिसावा यांची मागणी मोजक्या शब्दांची होती. सोबा या शेवयांचा डबा एका हातात धरून दुसऱ्या हाताने घरपोच देणाऱ्या पोऱ्याला चालविता यावी, अशी गाडी त्यांना हवी होती. डाव्या हाताला काम नको, म्हणजे क्लचचा दांडा नको. त्यामुळे केंद्रोत्सारी प्रेरणेने आपोआप जोडला-सुटणारा क्लच योजण्यात आला. वेग बदलण्यासाठी पायाची पट्टी दाबली की क्लचही तीच सोडवी.

ऑगस्ट १९५८ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीचे एंजिन ४९ घ. सेंमी. क्षमतेचे व चार-धावी होते. एवढ्या लहान एंजिनासाठी त्या काळी बहुतेक जण दोन-धावी रचनाच वापरीत. होंडांचे एंजिन मिनिटास ९,५०० फेरे घेऊन साडेचार अश्वशक्ती देई. पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याची कटकट नव्हती, धूर नव्हता व आवाज सौम्य होता. सिलिंडर जवळजवळ आडवा ठेवल्यामुळे सांगाडा मध्यभागी खाली दबलेला ठेवता आला व साडी किंवा किमोनो नेसलेल्या स्त्रीलाही पाय न उचलता बसता येऊ लागले. चाके स्कूटरीपेक्षा मोठी, १७ इंची होती, कारण जपानमधील बरेच रस्ते तेव्हा कच्चे होते. पायांवर चिखल उडू नये म्हणून पुढे प्लॅस्टिकचे आवरण होते. यांतील एकही गोष्ट एकट्याने नवी म्हणता येणार नाही. त्या सर्व एकत्र व स्वस्तात दिल्या गेल्या, हे नवे होते. यासाठी सुझुका येथे महिन्याला ३०,००० गाड्या काढू शकणारा कारखाना १९६० मध्ये उभारण्यात आला. त्या वेळच्या यूरोपीय कारखानदारांना हा आकडा महिन्याचा आहे यावर विश्वास बसणे कठीण होते.

अमेरिकेत होंडाने १९५९ मध्ये लॉस अँजेल्स येथे दुकान थाटले तेव्हा तेथे मोटारसायकल व कातडी कोट घातलेली दांडगाई यांची सांगड पक्की बसली होती. कबच्या जाहिरातींनी होंडावर बसणारी माणसे अगदी सज्जन असतात हे सांगण्यावर भर दिला. चित्रांत गृहिणी, विद्यार्थी, म्हातारी जोडपी दिसत. व्हिएटनाममध्ये ‘होंडा’ हा शब्दच दीर्घकाळ दुचाकीसाठी वापरला गेला. या मालिकेतील गाड्यांचे एकूण उत्पादन २०१७ मध्ये दहा कोटींवर गेले. चाकांवर चालणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही स्वयंचलित वाहनाच्या मालिकेला हा आकडा गाठता आलेला नाही.

होंडा सीबी ७५० : लहान गाड्या जपानने कराव्यात, मोठ्या आम्ही करू, अशी समजूत ब्रिटिश कारखानदारांनी करून घेतली होती. लहान गाडीवर शिकलेला ग्राहक पुढे आमच्याकडेच येईल, असा हिशेब त्यामागे होता. ऑक्टोबर १९६८ मधील टोकिओ येथील प्रदर्शनात तो चुकला. सीबी ७५० मध्ये ७३६ घ. सेंमी. क्षमतेचे व चार सिलिंडरांचे एंजिन सांगाड्यात आडवे बसविले होते. शक्ती ६७ अश्वशक्ती, पाच वेग, बटनाने चालू होणारे एंजिन व पुढील चाकास तेलदाबावर चालणारा डिस्क ब्रेक ही तिची वैशिष्ट्ये होत. चार सिलिंडर ओळीने असणारी यंत्रे इटालियन कारखान्यांनी शर्यतींत पूर्वीच वापरली होती आणि बेल्जियमच्या एफएन कारखान्याची चार सिलिंडरांची गाडी तर १९०५ पासूनची. परंतु ती सारी दुर्मिळ किंवा महाग होती. सीबी ७५० अमेरिकेत १,४९५ डॉलरना मिळू लागली.

एंजिनाची पेटी आडवी दुभागलेली असल्यामुळे सांध्यातून तेल गळत नसे. ही बाब किरकोळ वाटेल. पण ब्रिटिश मोटारसायकल रात्रभर उभी केली की सकाळी खाली तेलाचा डाग पाहण्याची सवय झालेल्या चालकांना ती किरकोळ वाटली नाही. होंडांचा स्वतःचा अंदाजही तोकडाच होता. वर्षाला १,५०० गाड्या खपतील असे धरून सुरुवातीच्या पेट्या वाळूच्या साच्यात ओतल्या होत्या. हाच आकडा लवकरच महिन्याचा झाला व नंतर दुप्पट झाला, तेव्हा धातूचे कायमचे साचे करावे लागले. १९७२ मध्ये कावासाकीने ९०३ घ. सेंमी.ची झेड १ काढली आणि पुढे सुझुकी व यामाहा यांनीही त्याच मांडणीचा स्वीकार केला. बीएसएचा उद्योगसमूह १९७३ मध्ये कोसळला. ट्रायंफचा मेरिडन येथील कारखाना कामगारांनी ताब्यात घेतला व सहकारी तत्त्वावर चालविला, परंतु १९८३ मध्ये तोही बंद पडला. सीबी ७५० हे या ऱ्हासाचे एकमेव कारण नव्हे. जुनी यंत्रसामग्री, दुर्लक्षित संशोधन व व्यवस्थापनातील बेबनाव हे आधीपासून होतेच. या गाडीने ते सर्वांना दिसेल असे उघडे केले. ट्रायंफचे नाव पुढे नव्या मालकाने हिंक्ली येथे पुनरुज्जीवित केले (१९९१), तेही मुख्यत्वे तीन व चार सिलिंडरांच्या जलशीतित एंजिनांवर.

भारत : भारतात मोटारसायकलीचे उत्पादन १९५५ मध्ये मद्रास येथे सुरू झाले. सरहद्दीवरील गस्तीसाठी सैन्याने रॉयल एन्फील्डची ३५० घ. सेंमी. ‘बुलेट’ निवडली होती. मागील चाकाला झुलत्या भुजेचे निलंबन असलेली ती आरंभीच्या गाड्यांपैकी एक होती. इंग्लंडमधील तिचा कारखाना पुढे बंद पडला. भारतातील चालू राहिला. म्हैसूर येथे १९६१ पासून मूळ चेक ‘जावा’ व नंतर तीच ‘येझ्दी’ या नावाने आणि एस्कॉर्ट्‌स कंपनीत १९६२ पासून पोलिश आराखड्यावरील ‘राजदूत’ बनू लागली. या दोन्ही दोन-धावी होत्या. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना अडकवून तालुक्याच्या गावी येणारी राजदूत हे महाराष्ट्रातील सकाळचे परिचित दृश्य होते. तरी परवाना पद्धतीमुळे उत्पादन मर्यादित राहिले. शहरी कुटुंबाची पसंती बजाज स्कूटरला होती, तीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. तर ज्यांना तीही परवडत नसे त्यांच्यासाठी पुण्यात १९७२ पासून बनणारी ‘लुना’ होती.

ही घडी १९८० नंतर परदेशी सहकार्यास परवानगी मिळाल्यावर मोडली. हरियाणातील धारूहेडा येथे हीरो होंडा कंपनीने १९८५ मध्ये सीडी १०० ही मोटारसायकल काढली. त्या सुमारास आलेल्या जपानी सहकार्याच्या इतर १०० घ. सेंमी. गाड्या दोन-धावी व अधिक चपळ होत्या. त्यांच्या तुलनेत सीडी १०० मंद वाटे व शौकिनांनी तिच्याकडे पाठ फिरविली. तिचे ९७ घ. सेंमी.चे चार-धावी एंजिन सुपर कबच्या घराण्यातील होते. सिलिंडर तसाच आडवा होता. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात गाजली. ज्या देशात मासिक पगारातील पेट्रोलचा हिस्सा मोजून ठेवला जातो तेथे हे वचन वेगापेक्षा मोलाचे ठरले. मोठ्या चाकांमुळे ती खेड्यातील रस्त्यावरही चाले. स्कूटरकडून मोटारसायकलीकडे असा भारतीय ग्राहकाचा जो ओघ वळला त्याचा आरंभ येथे आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस मोटारसायकलींची विक्री स्कूटरांच्या पुढे गेली. बजाजनेही आकुर्डी व चाकण येथील कारखान्यांत मोटारसायकलींवर भर दिला व २००१ मध्ये ‘पल्सर’ आणली.

उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले तसतशा दोन-धावी मोटारसायकली भारतीय बाजारातून नाहीशा झाल्या. शर्यतींच्या सर्वोच्च गटातही २००२ पासून चार-धावी एंजिने आली व काडेन यांच्या परंपरेतील यंत्रे तेथून हटली. हीरो व होंडा यांची भागीदारी २०१०-११ मध्ये संपली. सीडी १०० चे एंजिन मात्र १९९४ साली आलेल्या ‘स्प्लेंडर’ मध्ये चालू राहिले. २०२० मध्ये त्याचा कार्बुरेटर जाऊन इंधन सूक्ष्म फवाऱ्याने सोडण्याची इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आली. सिलिंडर अजूनही आडवाच आहे.